हात तुमचा, प्रश्न तुमचे : थाप बसेना, बोट उघडेना

प्रश्न : मी ६४ वर्षांचा आहे, ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३१ वर्षं टर्नर होतो. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. तीन वर्षांपूर्वी डाव्या तळहातात, अनामिकेच्या मुळाशी, तूरडाळीच्या दाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून लक्ष दिलं नाही. घरचे म्हणाले शीर आखडली असेल, म्हणून निर्गुंडीचं तेल चोळत राहिलो. आता अनामिका आणि करंगळी आत वळली आहेत. दुसऱ्या हाताने ओढूनही सरळ होत नाहीत. पखवाजाच्या डाव्या तोंडावर, जिथे कणीक लावतो तिथे, पंजा सपाट पडत नाही. आधी वाकडं पेर आपटतं आणि थाप फुटकी येते. मधुमेह १२ वर्षं आहे, गोळ्या चालू आहेत. घोडबंदर रोडवरच्या एका क्लिनिकने 'रीजनरेटिव्ह ट्रीटमेंट' सुचवली आहे. माझ्याच रक्तातून आणि पोटाच्या चरबीतून पेशी काढून तळहातात सोडायच्या, सहा सिटिंग, एक लाख ८० हजार रुपये, चिरफाड नाही. आजच पैसे भरले तर १५ टक्के सूट होती. मुलगा म्हणतो घेऊन टाकू, बायको म्हणते आधी कोणाला तरी विचारा. काय करू?
– एक वाचक, कोपरी

उत्तर : वहिनींचं ऐकलंत, बरं केलंत. 'आजच भरा, सूट मिळेल' हे साड्यांच्या सेलमध्ये ठीक आहे. हातावरच्या उपचाराबद्दल कोणी असं म्हणालं की मी उठून चपला घालते.

एक आधीच सांगते. मी सर्जन नाही. नौपाड्यात ३० वर्षं फक्त हात बघत आलेली फिजिओथेरपिस्ट आहे. पत्रावरून निदान करायचं नसतं, पण तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की अंदाज बांधता येतो. अनामिकेच्या मुळाशी न दुखणारी गाठ, मग हळूहळू आत वळणारी अनामिका आणि करंगळी, ओढूनही सरळ न होणारी, वर मधुमेह. हा ड्युपुट्रेन असावा. पॅरिसच्या एका सर्जनचं हे नाव. त्यांनी १८३१ मध्ये यावरची शस्त्रक्रिया करून दाखवली. तुमच्या घरच्यांसारखंच पूर्वीच्या डॉक्टरांनाही वाटायचं की शीर आखडली. लंडनच्या हेन्री क्लाइन यांनी मात्र त्याही आधी, अठराव्या शतकात, शवविच्छेदन करताना पाहिलं होतं की शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी कंडरा, बिचारी ठीकठाक असते, दोष तिच्या वरच्या पडद्यात असतो.

हा पडदा कुठे असतो ते आत्ता, हे वाचतानाच बघा. चांगल्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरा, सहज वर येते. आता तळहातावरची धरून बघा. येत नाही ना? तळहाताची कातडी खालच्या एका चिवट पडद्याला जागोजागी टाचलेली असते. म्हणून तर लेथचा दांडा घट्ट धरला तरी तळव्याची कातडी सरकत नव्हती. ड्युपुट्रेनमध्ये हाच पडदा जाड होत जातो. आधी गाठ, मग गाठीपासून बोटाकडे जाणारी दोरी. तुमच्या तळव्यात ती दोरी हाताला लागत असणार, वर एखादा खळगाही पडला असेल. दोरी आखूड होते आणि बोटाला आत ओढते. तिच्यात अशा पेशी असतात ज्या धागेही विणतात आणि स्नायूसारख्या आकसतातही. जखम भरताना अंगात जे कच्चं कोलॅजन, म्हणजे कातडी-पडद्यांच्या धाग्यांचं प्रथिन, बनतं, त्याचं प्रमाण इथे वाढलेलं असतं. थोडक्यात, न झालेली जखम हात भरून काढत बसलाय, आणि थांबायचं नाव घेत नाही.

आता मला सांगा, 'रीजनरेटिव्ह' म्हणजे काय? नव्याने घडवणारं. गुडघ्याची गादी झिजली, तिथे काहीतरी नव्याने घडवू, असं कोणी म्हणालं तर ते जमो न जमो, निदान त्यामागचा विचार तरी कळतो. तुमच्या तळव्यात झिजलंय काय? काहीच नाही. उलट नको तितकं घडलंय. ज्या घरात भिंत वाढत वाढत दारापर्यंत आली, तिथे गवंडी बोलावून तो आणखी विटा घेऊन आला तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू.

हा शब्दांचा खेळ नाही. तुमचं रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, प्लेटलेट्स दाट करून जे इंजेक्शन बनवतात त्याला पीआरपी म्हणतात. प्लेटलेट्समध्ये वाढीचे घटक भरलेले असतात, आणि त्यातला एक म्हणजे टीजीएफ-बीटा. साध्या पेशींना त्या आकसणाऱ्या पेशी बनवण्यात ज्याचा मोठा हात असतो, तोच हा घटक. म्हणजे ज्याच्यामुळे आग वाढते तेच भांडं भरून ओतायचं. प्रत्यक्षात इतकं सरळ होतंच असं नाही, पण त्या क्लिनिकने हा मुद्दा तुम्हाला सांगितला होता का? पीआरपीने वाकलेलं बोट सरळ होतं असं दाखवणारी, मनाला पटेल अशी एकही मोठी चाचणी माझ्या पाहण्यात नाही.

चरबीचं थोडं वेगळं आहे, आणि इथे तुमच्या क्लिनिकला अगदीच खोटं पाडता येत नाही. पोटाची चरबी तळव्यात भरण्याचा उपचार खरोखर केला गेलाय, त्यात नेदरलँड्सचे डॉक्टर पुढे होते. पण तिथे आधी सुईने दोरी जागोजागी तोडून बोट सरळ केलं जायचं आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत चरबी भरली जायची. बोट उघडलं ते सुईने, चरबीने नाही. पुढे पाच वर्षांनी पाहिलं तर बोट पुन्हा वाकण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा जास्तच निघालं. तुमच्या पॅकेजमध्ये दोरी तोडणं आहे की नुसतं इंजेक्शन? सहा सिटिंग कशासाठी, हे मला तरी कळलं नाही.

'स्टेम सेल', म्हणजे मूळ पेशी, हा शब्द त्यांनी वापरला असेल तर आणखी एक. स्टेम सेलबाबत आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या काही आजारांत स्टेम सेल देणं हा मान्य उपचार आहे. बाकी जवळपास सगळीकडे तो प्रयोगच, आणि प्रयोग नोंदणी झालेल्या चाचणीतच करायचा. देशात होणाऱ्या अशा चाचण्यांची सीटीआरआय नावाची नोंदवही इंटरनेटवर कोणालाही उघडता येते, मुलाला शोधायला सांगा. क्लिनिकला नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांक आहे म्हणाले तर लगेच पुढचा प्रश्न विचारा, मग माझ्याकडून पैसे कसले? प्रयोगासाठी पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

चिरफाड टाळायची असेल तर खरे मार्ग आहेत, आणि ते या पॅकेजइतके चकचकीत नाहीत. पहिला सुईचा. तळवा बधिर करतात आणि सुईच्या टोकाने कातडीखालून दोरी दोन-चार ठिकाणी कुरतडतात. मग बोट ओढलं की दोरी तुटते. कधी कट्ट असा आवाज येतो, पेशंट दचकतो आणि मग हसतो. त्याच दिवशी घरी जाता येतं. बोटाच्या मुळाचा सांधा वाकला असेल तर निकाल छान येतो, मधलं पेर वाकलं असेल तर तितका नाही. नस, म्हणजे स्पर्श कळवणारा मज्जातंतू, किंवा कंडरा दुखावण्याचा धोका थोडा असतो, म्हणून हे अनुभवी हातांनीच करायचं. तोटा मोठा आहे आणि मी लपवणार नाही. दोरी काढलेली नसते, तोडलेली असते, त्यामुळे बोट पुन्हा वाकतं. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका डच चाचणीत पाच वर्षांनी सुईच्या गटातल्या सुमारे ८५ टक्के लोकांना पुन्हा त्रास झाला, शस्त्रक्रियेच्या गटात २१ टक्के. पण त्याच चाचणीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की पुन्हा वाकलं तर काय घ्याल, असं विचारल्यावर निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी पुन्हा सुईच सांगितली. आकडा एक बोलतो, माणूस दुसरंच निवडतो. महिनाभर हात बांधून बसण्यापेक्षा पाच वर्षांनी परत सुई परवडली, असं त्यांना वाटलं असावं.

दुसरं इंजेक्शन कोलॅजिनेजचं. जिवाणूपासून मिळवलेलं हे एन्झाइम कोलॅजनच विरघळवतं. दोरीत टोचायचं आणि एक-दोन दिवसांनी बोट ओढून दोरी तोडायची. घडवणं नाही, मोडणं. म्हणून मला ते तर्काला धरून वाटतं. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली, युरोपातून कंपनीने ते २०२० मध्ये व्यापारी कारणांनी मागे घेतलं. ब्रिटनमध्ये ६७२ पेशंटवर झालेल्या चाचणीत, जी २०२४ मध्ये छापून आली, ते वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या बरोबरीला पोचलं नाही. त्यामुळे त्यामागे धावायची गरज नाही.

गाठ नुकतीच आली असताना, बोट अजून सरळ असताना किरणोपचार देतात, जर्मनीत याची बरीच पद्धत आहे. गाठीत स्टेरॉइडही टोचतात. ऑक्सफर्डच्या गटाने अ‍ॅडलिम्युमॅब हे संधिवाताचं औषध गाठीत टोचून पाहिलं. २०२२ मध्ये आलेल्या निकालांत गाठी मऊ आणि लहान झाल्या. हे सगळं सुरुवातीच्या गाठीसाठी. तुमची ती वेळ तेल चोळण्यात गेली.

तेलावरून तुम्हाला बोलायचा अधिकार मला नाही. प्रॅक्टिसच्या दुसऱ्याच वर्षी जांभळी नाक्याचे एक शिंपीकाका आले होते, अनामिका वाकलेली. मी ट्रिगर फिंगर, म्हणजे बोट अडकून टक्कन सुटण्याचा त्रास, म्हणून घेतलं. दोन महिने मेणाचा शेक, मसाज, ताण. काका दर मंगळवारी कात्रीच्या मुठीत बोट अडकल्यासारखा हात पुढे करायचे आणि मी त्यांना 'थोडा फरक आहे' सांगायचे. फरक माझ्या डोळ्यांत होता, सांध्याचा कोन मोजणाऱ्या गोनिओमीटरवर नव्हता. मग एका ज्येष्ठ सर्जनने त्यांचा पंजा टेबलावर ठेवायला सांगितला. तळवा आणि टेबल यांच्यामध्ये पेन सरकवलं, ते आरपार गेलं. मला काही बोलले नाहीत, पेन परत खिशात ठेवलं. ते मला अजून लागतं. तेव्हापासून ओढताण आणि मसाजने दोरी वितळते असं मी कोणालाही सांगितलेलं नाही.

ती परीक्षा तुम्हीही करा. पंजा स्वयंपाकाच्या ओट्यावर पालथा ठेवा. सपाट टेकला तर थांबायला हरकत नाही. टेकत नसेल तर हाताच्या सर्जनकडे जायची वेळ झाली. साधारण असं धरतात की बोटाच्या मुळाचा सांधा ३० अंशांपर्यंत वाकला किंवा मधलं पेर थोडंही अडकलं, की उपचाराचा विचार करायचा. मधल्या पेराला जास्त उशीर केला तर सांधाच आखडतो, आणि मग दोरी काढूनही बोट पूर्ण उघडत नाही. तुमची परीक्षा तर पखवाजाने आधीच घेतली आहे. कणकेवर पेर आधी आपटतंय, म्हणजे उत्तर मिळालं.

जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, आपल्या मुलखात ती सोडून चालत नाही. करंगळी आणि अनामिका वाकण्याचं दुसरं कारण म्हणजे नस. कोपरापाशी नस दबली किंवा कुष्ठरोगाने बाधित झाली की हीच दोन बोटं पंजासारखी वळतात. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड आणि आपल्या जे.जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अँटिया यांनी अशा हातांवर आयुष्य घातलं. ओळखायची खूण सोपी आहे. नसेच्या आजारात करंगळी बधिर होते आणि दुसऱ्या हाताने ओढली तर निदान सुरुवातीला सरळ होते. ड्युपुट्रेनमध्ये स्पर्श शाबूत असतो आणि बोट ओढूनही येत नाही. तुमचं ओढूनही येत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. तरीही करंगळीच्या टोकाला पिसाने किंवा कापसाच्या बोळ्याने स्पर्श करून बघा. कळलं नाही तर सर्जनकडे जाताना तेच पहिलं सांगा.

कुठे जाल? हाताचं काम ऑर्थोपेडिक सर्जन करतात, प्लास्टिक सर्जनही करतात. नावातल्या 'प्लास्टिक'ला घाबरू नका. लोकलने सायन किंवा परळला उतरलात तर पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. रांग असते, सकाळी लवकर निघा. सर्जनला हे तीन प्रश्न विचारा : सुईने जमेल का, मधलं पेर किती अंश वाकलंय, आणि माझ्या बोटांच्या नसा त्या दोरीला किती लगटून आहेत. करंगळीत दोरी नसेला कधीकधी वेढा घालते, तेव्हा सुईपेक्षा उघडून बघणं सुरक्षित.

शस्त्रक्रिया ठरली तर दोन-तीन आठवडे टाके, मग काही आठवडे सूज आणि व्यायाम. त्या आधी मधुमेह आटोक्यात आणा, तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी करून घ्या. साखर उतरली म्हणून बोट उघडणार नाही, पण जखम नीट भरायला ती उतरलेली लागते. तंबाखू असेल तर बंद, मी विचारत नाही, सांगते. पुन्हा पखवाजावर जोरात थाप मारायला दोन-तीन महिने धरा. भजनी मंडळाला सांगा तोवर टाळ द्या.

स्प्लिंटबद्दल माझ्या पोटावर पाय देणारी गोष्टही सांगून टाकते. शस्त्रक्रियेनंतर रात्री घालायच्या, बोट सरळ धरून ठेवणाऱ्या स्प्लिंट मी शेकड्यांनी कापल्या, तापवल्या, बसवल्या. २०११ मध्ये एका ब्रिटिश चाचणीने दाखवलं की सरसकट सगळ्यांना स्प्लिंट देण्याने काही जास्त पदरात पडत नाही. तेव्हापासून ज्याचं बोट पुन्हा वाकायला लागलेलं दिसतं त्यालाच देते. घरात स्प्लिंटच्या प्लास्टिकची एक अख्खी शीट अजून पडून आहे.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची, ऐरोलीला राहते, तिला मधुमेह आहे. सकाळी उठल्यावर उजव्या हाताचं मधलं बोट अडकतं, मग टक्कन सुटतं. हा तोच ड्युपुट्रेन का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. टक्कन सुटतं म्हणजे ट्रिगर फिंगर. इथे खरोखर शीर, म्हणजे कंडरा, तिच्या नळीत अडकते. मधुमेह्यांना हे बरंच होतं, ड्युपुट्रेनही होतो, आणि कधी दोन्ही एकाच हातात नांदतात. शिंपीकाकांच्या वेळी मी इथेच फसले होते. फरक एवढाच लक्षात ठेवा : ट्रिगरमधलं बोट सहसा कधी ना कधी पूर्ण उघडतं, ड्युपुट्रेनमधलं उघडतच नाही. आईला स्टेरॉइडच्या एका इंजेक्शनने पुष्कळदा आराम पडतो, फक्त त्यानंतर काही दिवस साखर चढते, ती तपासत राहायची. पीठ मळणं आणि पिळे पिळणं आठवडाभर तुम्ही करा.

प्रश्न : माझ्या वडिलांना आणि काकांना ड्युपुट्रेन आहे. मला होईल का? मी ३८ वर्षांचा आहे, नेरूळला असतो, दिवसभर संगणकावर काम.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : शक्यता इतरांपेक्षा जास्त, खात्री नाही. हा आजार घराण्यात चालतो, आणि उत्तर युरोपात तर इतका की त्याला व्हायकिंगांचा आजार म्हणतात. मार्गारेट थॅचर आणि रोनाल्ड रेगन, दोघांच्याही हाताची त्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती. २०२३ मध्ये आलेल्या एका जनुकीय अभ्यासाने त्याचे काही धागे थेट निअँडरथल माणसापर्यंत नेऊन भिडवले, तेव्हा बाबांवर रागावू नका. आपल्याकडे तो कमी दिसतो, म्हणूनच डॉक्टरांच्याही लवकर लक्षात येत नाही. संगणकाने होत नाही. तळव्यात गाठ लागली तर तेल लावायच्या आधी दाखवा, आणि पायाचा तळवाही चाचपून बघा, तिथेही याचं भावंड होतं.